परदेशी माग शेडमध्ये आला म्हणजे तंत्रज्ञान आलं का?

प्रश्न विचारणारा मुलगा अर्थशास्त्रात एम.ए. करतोय आणि घरी इचलकरंजीत साधे माग आहेत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "को आणि हेल्पमन या अर्थतज्ज्ञांनी १९९५ साली २२ देशांची आकडेवारी घेऊन दाखवलं, की दुसऱ्या देशातल्या संशोधनाचा फायदा आयातीतून आपल्याला मिळतो आणि जो देश जास्त खुला त्याला जास्त मिळतो. मग आमच्या गावात बेल्जियम, जपान, इटली, स्वित्झर्लंडचे माग इतकी वर्षं येतायत, तरी एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने बाणा फेकणारा माग, आपण का बनवत नाही? नक्की झिरपलं काय? आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आणखी दोन प्रकारच्या शटललेस (बिनधोट्याच्या) मागांवरचं सीमाशुल्क साडेसात टक्क्यांवरून शून्यावर आणलं, ते आपल्या भल्याचं की तोट्याचं?"

मी टेक्स्टाइल इंजिनिअर. उमेदीची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या शेडमध्ये माग बसवण्यात आणि चालते करण्यात गेली, नंतर निर्यातीच्या कापडाचं काम केलं. तुमच्या पुस्तकातली समीकरणं मला तुमच्याइतकी येणार नाहीत, पण माग उतरवून घेतल्यावर पुढच्या दोन वर्षांत काय काय होतं ते मी जवळून बघितलंय. तेवढ्याच जोरावर लिहितो.

आधी प्रश्न जरा सोडवून घेऊ. तंत्रज्ञान आलं असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवतो. मशीन चालवता येणं, बिघडली तर दुरुस्त करता येणं आणि तशी मशीन बनवता येणं. कस्टमच्या कागदावर फक्त एक पेटी दिसते. त्या पेटीबरोबर यातलं काय आलं हे पेटीवर ठरत नाही, ती कोणाच्या दारात उतरली आणि त्या दारातल्या कोणाला शिकण्यात चार पैसे सुटतात यावर ठरतं. माझा सगळा अनुभव याच एका मुद्द्यापाशी येऊन थांबतो, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

कापडाच्या धंद्यात हे पहिल्यापासून असंच आहे. इंग्लंडने सूतकताईची यंत्रं बाहेर विकायला १८४३ पर्यंत बंदी घातली होती. कारागिरांनी देश सोडून जाऊ नये असाही कायदा होता, तो १८२० च्या दशकातच गेला. बंदी उठल्यावर अवघ्या अकरा वर्षांत, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. मशिनरी लँकेशायरची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारखे यंत्रवाले नुसती यंत्रं विकत नव्हते. इमारतीचा नकाशा, इंजिन, शाफ्ट, बसवायला फिटर, चालवायला मॅनेजर असं सगळं एकगठ्ठा मिळायचं. म्हणजे विलायतेत चालणारी तीच यंत्रं, तीच माणसं मुंबईत.

तरी निकाल तोच आला नाही. १९१० च्या सुमाराचा हिशेब एका अर्थइतिहासकाराने मांडलाय: न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम उरकायचा तेवढ्याला इंग्लंडमध्ये दीड, जर्मनीत सव्वादोन-अडीच आणि ग्रीस, जपान, भारत, चीनमध्ये जवळजवळ सहा कामगार लागायचे. यंत्रं बहुतेक सगळीकडे सारखीच. आपल्या कामगाराला आळशी ठरवायला हा आकडा बरेच जण वापरतात, ते मला पटत नाही. पण व्यापारातून वस्तू पूर्ण पोहोचते आणि ती पिळून घेण्याची रीत पोहोचत नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

त्या यादीत जपान आपल्याच रांगेत उभा आहे, हे नीट बघून ठेवा. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ ला सुरू झाली, मुंबईनंतर पाव शतकाने. यंत्रं प्लॅटचीच. कापूससुद्धा पुढे बराचसा आपलाच गेला. मुंबई-जपान बोटीची लाइन १८९३ मध्ये सुरू झाली ती कापसासाठीच आणि तिच्यामागे जमशेटजी टाटांचा हात होता. आता फरक बघा. त्या काळात कताईत दोन पद्धती होत्या, म्यूल आणि रिंग. म्यूलला मुरलेला कारागीर लागतो. रिंग सतत चालते, नवशिक्या माणसालाही जमते, पण तिला जरा लांब धाग्याचा कापूस हवा. रिंगची माहिती आपल्याला नव्हती असं नाही, नागपूरच्या एम्प्रेस मिलने १८८० च्या दशकातच रिंग घातली होती. जपान्यांनी मात्र काही वर्षांत जवळपास सगळा धंदाच रिंगवर नेला, आपल्या कापसात अमेरिकन कापूस मिसळून धाग्याची लांबी साधली आणि दोन पाळ्यांत यंत्रं फिरवली. त्यांच्या गिरण्यांचा संघ दर महिन्याला गिरणीवार उत्पादनाची आकडेवारी छापायचा. शेजारच्या गिरणीत चात्यामागे किती सूत निघतं हे प्रत्येकाला दिसायचं, मग आपलं कमी का निघतं हा प्रश्न मालकच मॅनेजरला विचारायचा. मुंबईतही गिरणीमालकांची संघटना १८७५ पासून होती, पण तिची बरीचशी ताकद जकात आणि कारखान्यांचे कायदे यांवर खर्ची पडली. १८९७ पर्यंत जपान आयातीपेक्षा जास्त सूत निर्यात करू लागला, आणि चीनची जी बाजारपेठ मुंबईच्या सुताची होती ती हळूहळू हातची गेली.

पुढचं तर अजून बोलकं आहे. साकिची टोयोडा, एका सुताराचा मुलगा, याने १८९१ मध्ये हातमागाचं पेटंट घेतलं, आणि तिथून सुधारत सुधारत १९२४ मध्ये माग न थांबवता धोटा आपोआप बदलणारा टाइप जी बाजारात आणला. १९२९ मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांच्या कराराने विकत कोणी घेतले? ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी यंत्रं विकली तेच आता गिऱ्हाईक. तुमच्या समीकरणात बाण एकाच दिशेने जात असेल तर ही घटना त्यात बसवून बघा.

आता आपल्या गावाकडे येतो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, ही गोष्ट तुम्हाला घरी ऐकवली असेलच. तिथून साधा माग किती पसरला हे वेगळं सांगायला नको. साधा माग पसरला कारण तो उघडा होता. बिडाचे दोन बाजूचे साचे, क्रँक, टॅपेट, पिकिंग स्टिक, सगळं डोळ्यांसमोर. जॉबरने, म्हणजे माग जुळवणाऱ्या मिस्त्रीने, एकदा खोलून जोडला की तो त्याचा झाला. कोल्हापूरच्या फौंड्रीत बीड ओतलं, गावात लेथवर घासलं, माग चालू. तिथे वापरणं, दुरुस्त करणं आणि बनवणं या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीत झाल्या.

शटललेसचं तसं नाही. साधा माग मिनिटाला १२०-१५० पीक मारतो, म्हणजे तितक्या वेळा बाणा टाकतो. चांगला एअरजेट ८००-९०० मारतो. पहिल्यांदा एअरजेट घेणाऱ्या मालकाला वाटतं, आपण सहापट वेग विकत घेतला. कंपनीचा इंजिनिअर आला की तो मागाकडे बघतसुद्धा नाही. मी असे कितीतरी जण बघितलेत, सगळ्यांची सवय एकच. तो सरळ बीमपाशी, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळापाशी, जातो, ताण्यावर हात फिरवतो, धाग्याला लव किती आहे ते बघतो. मग विचारतो, सायझिंग (ताण्याला खळ लावणं) कुठे करता? शेडमध्ये दमटपणा किती? कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतं का? मालक वैतागतो, म्हणतो माग बघा की आधी. पण त्या माणसाला माहीत असतं की ९०० च्या वेगाला कच्चा ताणा टिकत नाही. लाख पिकांमागे ताण्याचे किती थांबे आणि बाण्याचे किती, हाच त्याचा पहिला आणि शेवटचा आकडा. साध्या मागावर हा आकडा कोणी कधी मोजला नव्हता. माग थांबला की कामगार जोडायचा, झालं.

म्हणजे मागाबरोबर मागासारखं दिसत नाही असं ज्ञान आलं. सायझिंगवाल्याला पेस्टच्या कृतीत बदल करावा लागला. सूतगिरणीला विचारायला लागलो की या सुताचा उस्टरचा आकडा काय. उस्टर ही स्वित्झर्लंडची सूत तपासायची यंत्रं बनवणारी कंपनी, जगभरच्या सुताची प्रतवारी ती छापते, आणि आपलं सूत जगात कुठल्या पायरीवर बसतं ते त्यात दिसतं. एका आयात मागाने मागे सूतगिरणीपर्यंत आणि पुढे फोल्डिंगच्या, म्हणजे कापड तपासून घड्या घालायच्या, टेबलापर्यंत सगळ्यांना हलवलं. झिरपणं म्हणतात ते मी तरी असंच बघितलंय, आणि ते कुठल्याही आयातीच्या आकड्यात दिसत नाही.

पण सगळ्या शेडमध्ये असं झालं नाही. दोन शेड शेजारी, एकाच कंपनीचे माग, एकाच वर्षी उतरलेले. एकात ९० टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता, दुसऱ्यात सत्तरीत रखडलेली. मी कारण शोधायला जातो तेव्हा सगळ्यात आधी मजुरीचा हिशेब विचारतो. आपल्याकडे साध्या मागाची मजुरी ५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे अशी ठरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या हिशेबात वाढलेला कामगार ताणा तुटला की शेजारच्या धाग्याला चिकटवून माग चालू करतो. बरोबर फणीच्या घरातून, वहीच्या (हील्डच्या) डोळ्यातून ओवून गाठ मारण्यात त्याचा वेळ जातो आणि त्या वेळाचे त्याला कोणी देत नाही. त्याचं चुकलं काय? पुढे शटललेसवर पाळीचा पगार झाला तरी काही मालकांनी बोनस मीटरवरच ठेवला. मग कापड निघतं भरपूर, आणि फोल्डिंगला निम्मं सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात, जातं. चांगल्या चाललेल्या शेडमध्ये जॉबरला थांबे कमी झाल्याचे पैसे मिळत होते. तिथे जॉबर शेडिंगचा अंश, बॅकरेस्टची उंची, नोझलची वेळ या सगळ्या सेटिंग क्वालिटीवार वहीत लिहून ठेवायचा, कारण ती वही म्हणजे त्याचा खिसा होता.

हे माझं एकट्याचं निरीक्षण असतं तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. पाकिस्तानात सियालकोटला, जिथे जगभरचे फुटबॉल शिवले जातात, काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. चेंडूचे पंचकोनी तुकडे रेक्झिनच्या तावातून कापायची नवी डाय त्यांनी तयार केली. त्याच तावात जास्त तुकडे बसत होते, म्हणजे मालकाचा माल वाचणार. डाय फुकट वाटली. तरी फारशी कोणी वापरली नाही. कारण कापणारा कामगार नगावर, नवी डाय सुरुवातीला हात हळू करते, आणि वाचलेल्या मालातलं त्याला काही मिळत नाही. तो मालकाला सांगणार, चालत नाही हो ही. मग काही कारखान्यांत कामगारांना सांगितलं की डाय नीट वापरून दाखवली तर साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळेल. त्यातल्या बऱ्याच कारखान्यांत डाय वापरात आली. किरकोळ पैशाची गोष्ट, पण तंत्रज्ञान तिथे अडलं होतं.

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला आणि पलीकडे गुजरातेत उंबरगावला स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या लोकांनी विणकाम कारखान्यांवर असाच अभ्यास केला होता, १७ कंपन्यांचे २८ कारखाने. काही कारखान्यांना सल्लागार फुकट दिले. नवीन मशीन एकही नाही. दोष कुठे पडतो ते रोज लिहा, मागाची देखभाल तारखेवर करा, सुताचा साठा रांगेत लावा, असली कामं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. यातली कुठलीही गोष्ट गुप्त नव्हती, पण मालकांना आपलं व्यवस्थित चाललंय असंच वाटत होतं.

आयातीइतकाच, माझ्या मते जास्तच, शिकवणारा दुसरा रस्ता म्हणजे परदेशी गिऱ्हाईक. निर्यातीच्या कापडाला फोर पॉइंट सिस्टिमने तपासणी लागते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. शंभर चौरस यार्डांत साधारण चाळीस गुणांच्या वर गेलं की माल नाकारला जातो. ही पद्धत कोणी सरकारी प्रशिक्षणात शिकवून रुजली नाही. माल परत आला, पैसे अडकले, मग रुजली. आज गावातल्या ज्या शेडने निर्यात कधी केली नाही तिथेही दिवाणजी फोर पॉइंटची भाषा बोलतो, कारण तो आधी निर्यातीच्या शेडमध्ये होता. रंगाचंही तसंच झालं. १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, आपल्या प्रोसेसवाल्यांची धावपळ उडाली, आणि १९९७ पर्यंत आपल्या सरकारनेही त्या जातीच्या रंगांवर बंदी आणली. तिथल्या कायद्याने इथली रंगाची बादली बदलली.

तुम्ही लगेच म्हणाल, जे मुळातच चांगले तेच निर्यात करतात, शिकण्याचा काय संबंध? प्रश्न बरोबर आहे आणि नुसत्या आकडेवारीवरून तो सुटत नाही. त्यासाठी इजिप्तचा प्रयोग वाचा. नाईलच्या मुखाकडे फोवा नावाच्या गावात हातमागावर गालिचे विणतात. अभ्यासकांनी परदेशी ऑर्डरी मिळवल्या आणि कोणत्या विणकरांना द्यायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ज्यांना मिळाल्या त्यांची गुणवत्ता वाढली. नंतर सगळ्यांना एकाच जागी, एकाच मागावर, एकच गालिचा विणायला दिला, तरी ऑर्डर मिळालेल्यांचं काम सरस निघालं. गिऱ्हाईक दलालामार्फत इथे कडा वाकडी, तिथे पोत पातळ असं सांगत होतं, आणि ते विणकरापर्यंत पोहोचत होतं. पोहोचत होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे खर्चीवाला यंत्रमागधारक ट्रेडिंगवाल्याचं सूत घेतो, कापड देतो, मजुरी घेतो. कापड मुंबईहून पुढे कुठल्या देशात गेलं, तिथे काय नाव ठेवलं, त्याला कळतच नाही. त्याला कळतं फक्त मजुरीतली कपात. निर्यात त्याचीही होते, शिकणं होत नाही.

आता तुमचा नेमका प्रश्न: आपण बनवत का नाही? इथे आधी एक दुरुस्ती. कताईची मशिनरी आपण बनवतो आणि उत्तम बनवतो. कोइम्बतूरची लक्ष्मी मशीन वर्क्स १९६२ मध्ये सुरू झाली, स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीबरोबर तांत्रिक करार करून. आज कापसाच्या गाठीपासून सुतापर्यंतची पूर्ण लाइन बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या कंपन्यांत ती आहे आणि बाहेर निर्यातही करते. म्हणजे भारतीय माणसाला बनवता येत नाही हे उत्तर बाद. मग सूत जमलं आणि कापड का नाही जमलं?

माझं उत्तर असं. कताई मोठ्या गिरण्यांत राहिली. गिरणीला दरवर्षी थोड्या का होईना नव्या मशिनी लागायच्या, तिच्याकडे इंजिनिअर होते, मशीन कमी पडली तर तक्रार घेऊन ते कोइम्बतूरला जायचे. बनवणाऱ्याला गिऱ्हाईकही मिळालं आणि मास्तरही. विणकामात १९५६ नंतर गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवायला अटकाव आला आणि कापड हळूहळू यंत्रमागांकडे सरकलं. चार मागवाला, बारा मागवाला, चोवीस मागवाला. त्याला स्वस्त माग हवा होता, वेगवान नव्हे. त्याच्या भागात ते शहाणपणाचंच होतं. पण आधुनिक माग बनवू पाहणाऱ्याला दरवर्षी शे-दोनशे माग घेणारं गिऱ्हाईक देशात उरलं नाही. १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधारणेची सरकारी योजना आली, कर्ज स्वस्त झालं आणि मागणी एकदम उसळली. तोवर इथे बनवणारा तयार नव्हता. ती मागणी युरोप-जपानच्या नव्या मागांकडे आणि सेकंडहँड बाजाराकडे गेली. सुरत-अहमदाबादकडे रेपियर (पट्टीने बाणा ओढून नेणारे माग) बनतात, मी वापरलेतही, कमी वेगाच्या कामाला चांगले आहेत. वरच्या वेगाला मात्र अजून अंतर आहे.

सेकंडहँडबद्दल माझं मत जरा उलटं आहे. युरोपातल्या गिरण्या बंद पडल्या तसे त्यांचे सुल्झर या स्विस कंपनीचे जुने प्रोजेक्टाइल (छोट्या गोळीने बाणा फेकणारे) माग कंटेनर भरून आपल्याकडे आले. सगळे म्हणतात भंगार आलं. पण तो माग यांत्रिक होता, खोलता येत होता. गिअर, कॅम, बुश, पट्ट्या असले सुटे भाग इथल्या वर्कशॉपांनी बघता बघता करायला घेतले. जिथे अडलं ते धातूत अडलं. प्रोजेक्टाइल फेकायची ताकद टॉर्शन रॉडमध्ये साठते, तो रॉड मिनिटाला शेकडो वेळा पिळला जातो, आणि त्याचं पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी नुसतं बघून कळत नाही. तरी त्या जुन्या मागाने वर्कशॉपवाल्यांना जे शिकवलं ते नव्या एअरजेटने शिकवलं नाही. नव्या मागाचा जीव त्याच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात आणि सॉफ्टवेअरमध्ये असतो. कार्ड गेलं की काढायचं, नवं घालायचं, बिल भरायचं. गावातली काही पोरं आता कार्ड दुरुस्त करतात, त्यांचं मला फार कौतुक आहे, पण जळालेला भाग बदलणं वेगळं आणि आत काय लिहिलंय ते समजणं वेगळं. मशीन जितकी पुढची, तितकी ती चालवणं सोपं आणि तिच्याकडून बनवायला शिकणं अवघड. अर्थात जुन्या मागांवर राहणारा गाव वीस वर्षं मागेच राहतो, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम मिळत नाही.

सीमाशुल्काचं सांगतो. इथे अर्थतज्ज्ञांतही एकमत नाही आणि परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. १९९१ नंतर आपल्याकडे कच्चा माल, सुटे भाग यांवरची जकात उतरली, त्याचा अभ्यास झालाय. त्या काळात देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली, त्यांतली सुमारे ३१ टक्के या उतरलेल्या जकातीच्या खात्यावर जातात, असा निष्कर्ष आहे. जे आधी मिळतच नव्हतं ते मिळू लागलं, म्हणून नवं करता आलं. त्यामुळे विणकराच्या बाजूने बघितलं तर मागावरचं शुल्क शून्य होणं मला चांगलंच वाटतं. कापड विकायला आपण बांगलादेश, व्हिएतनाम, चीनशी भांडतोय, आणि ते आपल्यापेक्षा महाग माग घेत नाहीत. माग बनवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर साडेसात टक्क्यांच्या कुंपणाने तो जगला नव्हता आणि ते गेल्याने मरणारही नाही. त्याला मारतं ते वेगळंच: अख्खा माग बिनशुल्क येतो आणि त्याला लागणारी सर्व्हो मोटर, बेअरिंग, सेन्सर यांवर शुल्क भरावं लागतं, असं झालं तर इथे जोडणी करणं वेडेपणाचं ठरतं. तेवढं सरकारने जपलं पाहिजे. आणि कोइम्बतूरचं उदाहरण खुल्या बाजारातलं नव्हतं, परवान्याच्या राज्यातलं होतं, हेही लपवू नका. तुमचे परीक्षक तेच विचारतील. फक्त त्याच परवाना राज्यात विणकामाची वाट लागली, हेही त्यांना सांगा. नुसत्या संरक्षणाने होत असतं तर दोन्हीकडे झालं असतं.

इथवरचं दोन ओळीत: वापरायचं ज्ञान मशीनबरोबर अर्धं येतं, उरलेलं अर्धं सायझिंग, सूत, मजुरी आणि गिऱ्हाईक यांच्याकडून येतं. बनवायचं ज्ञान आयातीने जवळजवळ येतच नाही. त्याला करार, खोलता येण्यासारखी मशीन आणि सातत्याने तक्रार करणारं देशी गिऱ्हाईक लागतं.

तुमच्या प्रबंधासाठी म्हणून एक सुचवतो. आयात मागांची संख्या मोजू नका. ती कस्टमकडे आहेच, आणि को-हेल्पमन यांच्या निष्कर्षावर पुढे केलर या अर्थतज्ज्ञाने जो आक्षेप घेतला तो नेमका इथलाच आहे. त्यांनी खऱ्या व्यापारी भागीदारांच्या जागी कुठलेही देश बसवून बघितले, तरी निकाल जवळपास तसाच आला. म्हणजे त्या आकड्यांतून व्यापाराचा हात नक्की किती, हे ठरत नाही. तुम्हाला घरचा फायदा आहे, तो वापरा. वीसेक शेड निवडा, निम्म्या निर्यातीच्या, निम्म्या खर्चीच्या. प्रत्येक ठिकाणी लाख पिकांमागे थांबे किती, सेकंडचं प्रमाण किती, जॉबरचा बोनस कशावर, आणि माग बंद पडला तर पहिला फोन कोणाला जातो, एवढं विचारा. आणि जॉबर आधी कुठल्या शेडमध्ये होता हे जरूर लिहून घ्या. माझा अंदाज आहे की सेटिंगचं ज्ञान कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा जॉबरच्या नोकरी बदलण्यातून जास्त पसरलंय, पण तो अंदाजच आहे, कोणी मोजलेलं मी बघितलेलं नाही. मालकाला सेकंडचा आकडा विचारलात तर तो कमी सांगेल. फोल्डिंगची वही बघायला मागा, आणि दुपारी जा, सकाळी दिवाणजी बिलांत असतो.